तिखट किती चालतं?

नाशिकला आलेल्या पाहुण्यानं मिसळ कुठे खावी असं विचारलं, की आपण आधी विचारतो, "तिखट किती चालतं?" आणि त्याचा मगदूर पाहून पत्ता सांगतो. पुस्तकाच्या बाबतीत ही माणुसकी कुठे जाते कोण जाणे! आमच्या शेजारचे अण्णा नोट प्रेसमधून निवृत्त झाले. कट्ट्यावर म्हणाले, "विज्ञानाचं काहीतरी वाचायचंय. पण गणितानं मला शाळेत फार छळलंय." तिघांनी एका सुरात हॉकिंगचं नाव घेतलं. तिघांपैकी कुणीच ते पुस्तक पुरतं वाचलेलं नव्हतं, म्हणून तर एकमत झालं.

हॉकिंगचा यात दोष नाही. समीकरणागणिक खप निम्मा होईल अशी तंबी मिळाल्यावर त्यानं १९८८च्या त्या पुस्तकात एकच समीकरण ठेवलं होतं. तरी बहुतेक घरांत ते शोकेसमध्येच असतं.

मी अण्णांना १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात नेलं आणि वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हाती दिलं. कापसानं निकस झालेल्या जमिनीत भुईमूग लावा, असं अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना सांगणारा हा माणूस अण्णांना थेट भेटला. गावी जाऊन त्यांनी भुईमुगाचं झाड उपटलं, मुळावरची एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी! हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणारे जिवाणू याच गाठीत राहतात, हे मग त्यांनीच भावाला ऐकवलं.

पुढे अनिल अवचटांचं 'कुतूहलापोटी'. मग नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या या शास्त्रज्ञानं आपली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. बक्षीस मिळालं ते कथेला. आपण मात्र शिफारस करताना आधी लेखकाचं वजन बघतो, वाचणाऱ्याचं कुतूहल नाही.

आकाशाची काही पानं अण्णांच्या डोक्यावरून जातात. पण ती ते सोडत नाहीत. पानाचा आकडा सांगून मला फोनवर अर्थ विचारतात. त्यामुळे हल्ली कुणाला पुस्तक सुचवण्याआधी मी ते वाचतो.