मौलिक लिहा, पण नोट्सप्रमाणे

म्हसळा तालुका मुंबई विद्यापीठाच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे प्रथम वर्षाच्या लेखनाच्या तासालाही ७५ टक्के हजेरी हवी. मेंदडी किंवा खरसईहून येणाऱ्या पोराची एसटी पावसात अडकली, तर अट मोडली पोरानेच. एसटीला हजेरीपट नाही.

हजेरी भरली की लेखनाची धोरणं सुरू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात किंवा शोधनिबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. ठीक आहे. पण पेपर तपासताना उत्तर नोट्सशी शंभर टक्के जुळलं तरच मुलगी हुशार! आपल्या मनाने खाडीतल्या वाळूउपशावर चार वाक्यं लिहिली की शेजारी लाल शाईत ‘विषयांतर’. ‘असाइनमेंट मौलिक असावी’ ही सूचनाही, बघा, झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठ्याने येते. विनंती अर्जाचा नमुना तर वर्षभर घोटायचा, आणि दाखल्याचा खराखुरा अर्ज मात्र तहसील कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घ्यायचा.

पालकांनो, पोराला लिहायला शिकवायचं असेल तर सुट्टीत त्याच माणसाशेजारी बसवा. तिथे हजेरीची अट नाही, आणि चुकीचा अर्ज खिडकीवरून लगेच परत येतो.