नगर जागचं हललं नाही

"वहिनी, आहात का हो? कढीपत्त्याच्या दोन काड्या द्या."

शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या की त्यांच्या आमटीला कधीच घाई नसते, हे आमच्या भिस्तबागेकडच्या सगळ्या बायकांना माहीत आहे. कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकलं की अर्धा तास गेलाच समजा.

आज विषय होणाऱ्या नातसुनेच्या माहेरचा. माहेर जामखेड तालुक्यातलं, चौंडीच्या शिवेला लागून.

"व्याही काय तोऱ्यात असतात सांगू! म्हणे, आमच्याकडच्या लेकीचं नाव तुमच्या शहराला दिलंय, आता मान ठेवा."

"खोटं काय त्यात? माणकोजी शिंदे पाटलांची लेक, १७२५ सालचा जन्म. इंदूरपर्यंत राज्य केलं बाईनं."

"मी कुठं नाही म्हणते? ३१ मे २०२३ ला चौंडीत मुख्यमंत्र्यांनी घोषणा केली, तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या. ऑक्टोबर २०२४ ला कागदोपत्री झालं. पण मला विचाराल तर मी नगर म्हणते. रिक्षावाला नगर म्हणतो, पुण्याच्या स्टँडवर कंडक्टर नगर-नगर ओरडतो. अहमद गेला, अहिल्यादेवी आल्या, नगर जागचं हललं नाही. गाडीची पाटीही एमएच १६ च!"

"काकांना मात्र अंबिकानगर हवं होतं ना?"

"अगं, ते नव्वदच्या दशकातलं खूळ. शिवसेनेनं ते नाव काढलं, अन् ह्यांनी पाकिटांवर तेच लिहायला घेतलं. पोस्टमन बिचारा मुकाट्यानं पत्रं टाकायचा."

काकू निवृत्त शिक्षिका, इतिहास शिकवायच्या. एकदा सुरू झाल्या की त्यांना आवरणं कठीण. म्हणाल्या, ज्या अहमदचं नाव गेलं तो तरी कुठला परका? मलिक अहमदनं १४९० ला भिंगारजवळ बहामनी फौज लोळवली अन् पुढं सीनेच्या काठी हे शहर वसवलं. फिरिश्ता लिहितो, की अहमदचा बाप मलिक हसन जन्मानं तिमाभट. मूळ घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं.

"म्हणजे निजामशाहीचा मूळपुरुष आपल्या परभणीकडचा?"

"हो ना! अन् दुसऱ्या बाजूनं बघा. मालोजीराजांना मूल होईना, म्हणून आपल्या नगरच्या शाहशरीफ दर्ग्याला नवस केला म्हणतात. दोन मुलगे झाले, एक शहाजी, दुसरा शरीफजी. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव एका पीरावरून! आता ह्याची राजपत्रात दुरुस्ती कोण करणार?"

मी गप्पच. असं काही काकू भर लग्नात, पंगतीत बोलतील, ही मला धास्ती.

तसं आपल्याकडं नाव एकाचं अन् दगड दुसऱ्याचा, ही जुनीच तऱ्हा आहे. पाहुणे आले की आपण त्यांना डोंगरावर जो चांदबीबी महाल दाखवायला नेतो, तो तीन मजली महाल म्हणजे सलाबतखानाची कबर. चांदबीबी लढली ती भुईकोट किल्ल्यात, १५९५-९६ ला, मोगलांशी. पण लोकांना ती आवडली, म्हणून त्यांनी डोंगर तिच्या नावे करून टाकला. कुठलाही ठराव न करता. मला तर हे सरकारी नामांतरापेक्षा पक्कं वाटतं.

"आमचा भाचा जर्मनीत असतो ना," मी म्हटलं, "त्याच्या शेजारी पॉडगोरित्साची बाई आहे. मॉन्टेनेग्रोची राजधानी ती. १९४६ ला मार्शल टिटोच्या नावानं टिटोग्राड केली, १९९२ ला पुन्हा जुनं नाव. ही जन्मली टिटोग्राडला, लग्न झालं पॉडगोरित्साला. घर तेच, गल्ली तीच. देशसुद्धा बदलला म्हणे मधल्या मधे."

"अगं बाई! आपलं बरं, निदान देश तरी तोच आहे."

मग हळूच खरं दुखणं बाहेर आलं. लग्नपत्रिकेवर काय छापायचं? व्याह्यांना अहिल्यानगर ठळक हवं. काका हटून बसलेत, की जन्म गेला अहमदनगर लिहिण्यात, आता माझ्या नातवाच्या पत्रिकेत ढवळाढवळ नको. छापखानेवाल्यानं दोनदा प्रूफ परत पाठवलं.

"मी सरळ सांगितलं, पत्त्यात सावेडी लिहा अन् मोकळे व्हा. सावेडीला अजून कुणी हात लावलेला नाही. ते जाऊ दे, वहिनी, त्यांनी खाली 'आहेर आणू नये' छापायला सांगितलंय. आम्ही आजवर गावभर वाटलेल्या पातेल्यांचं काय?"