सीमोल्लंघन, मार्गे सोनौली

म्हैसूरचा दसरा पाहायला जगभरातून माणसं येतात आणि धन्य होऊन जातात. आमच्या सासूबाई वाईहून आल्या आणि नाराज झाल्या. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी घेऊन हत्ती राजवाड्यातून निघाला, पाचेक किलोमीटरवरच्या बन्नीमंटपापर्यंत गेला. जुन्या काळी राजे तिथल्या शमीची पूजा करून मोहिमेवर निघत, असं मी भक्तिभावानं सांगितलं.

"मोहिमेचं राहू द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "हे आत्ता परत कुठं आले?"

"राजवाड्यात."

"म्हणजे सीमा ओलांडलीच नाही."

आपण खरंखुरं सीमोल्लंघन करायचं आणि ते पशुपतिनाथाच्या दर्शनानं, हे त्याच रात्री जेवताना ठरलं. विमान नको. ज्या वाहनाची खिडकी उघडत नाही आणि जे चहाला थांबत नाही, त्यात बसायचं कशाला, असं त्यांचं साधं तत्त्व आहे. बसनंच जायचं.

आता, सरहद्द ओलांडण्याची तयारी करायला म्हैसूरइतकं सोयीचं गाव भारतात नसेल. पासपोर्ट हवा? पोस्टात पासपोर्ट देण्याची योजना 25 जानेवारी 2017 ला देशात सुरू झाली, ती गुजरातेत दाहोदला आणि इथं आमच्या मेटगळ्ळीला. पैसे हवेत? 1996 पासून रिझर्व्ह बँकेच्या नोटा आमच्याकडे छापल्या जातात. मतदार ओळखपत्र हवं? ते वापरल्याची जी खूण बोटावर राहते ती शाईही आमचीच. नाल्वडी कृष्णराज वडियारांनी 1937 मध्ये काढलेल्या रंगाच्या कारखान्यात ती होते आणि 1962 पासून अख्खा देश ती बोटाला लावून घेतो. देशाला लागणारं सगळं सामान गावात तयार. फक्त सरहद्द तेवढी नाही. सर्वांत जवळचा परदेश म्हणजे श्रीलंका, आणि तिथं बस जात नाही.

बायकोनं पासपोर्टसाठी अर्ज केला. चौकशीला आलेल्या पोलिसानं कॉफी घेतली, शेजारच्यांच्या सह्या घेतल्या आणि "यल्लिगे?", म्हणजे कुठं निघालात, असं कन्नडमध्ये विचारलं. "नेपाळ" ऐकल्यावर तो कपातल्या कॉफीकडे बघत म्हणाला की नेपाळला पासपोर्ट लागत नाही. बायकोनं त्याला दुसरा कप दिला नाही.

खरंच लागत नाही. 31 जुलै 1950 च्या करारापासून भारत आणि नेपाळच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला व्हिसा नाही. विमानानं जा की बसनं, ओळख पटवणारा कागद पुरे. पण कुठला कागद, यात सरकारनं आपली सगळी प्रतिभा ओतली आहे. पंधरा ते पासष्टच्या मधल्यांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र. पासष्टच्या वरच्यांना आणि पंधराच्या खालच्यांना फोटो असलेलं काहीही चालतं: पॅन कार्ड, वाहन परवाना, रेशन कार्ड, आधार. मधल्यांचं आधार मात्र चालत नाही. ज्या आधारशिवाय गॅसचं अनुदान मिळत नाही, ते नेपाळच्या वेशीवर, सोनौलीच्या फाटकात मुकं होतं. मी एकसष्टीचा, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं संशयास्पद तरुण. सासूबाई एकोणऐंशीच्या, त्यामुळे निरागस.

एवढ्यात न्यू जर्सीहून बायकोचा भाचा आणि त्याची अमेरिकन बायको सुट्टीला आले आणि "आत्या, आम्हीपण!" म्हणाले. इथून खरी गंमत सुरू होते. आम्हा तिघांकडे मिळून कागद मूठभर. त्या दोघांकडे एक फाइल. भाच्याचा पासपोर्ट अमेरिकेचा, वर परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड. सासूबाईंच्या या नातसुनेकडे ई-व्हिसा, छापून, प्लास्टिकच्या पाकिटात, तीन प्रती. आम्हाला तिचा हेवा वाटला.

म्हैसूर–वाराणसी एक्सप्रेसमध्ये जबलपूरच्या आसपास भाच्यानं त्या तीन प्रतींपैकी एक पहिल्यांदा वाचली. ई-व्हिसावर तेव्हा भारतात शिरायचं ते ठरलेल्या विमानतळांवरून किंवा बंदरांवरून. सोनौली हे दोन्हींपैकी काही नव्हे. म्हणजे ती नेपाळात जाऊ शकत होती, पण त्याच रस्त्यानं परत येऊ शकत नव्हती.

"मग तिला तिथंच ठेवायचं?" सासूबाईंनी विचारलं. प्रश्न काळजीचा होता की सोयीचा, ते कळलं नाही.

तिनं काठमांडूहून दिल्लीला विमानानं यायचं ठरलं. भाच्याचं ओसीआय कार्ड रस्त्यानंही चालत होतं, तेव्हा त्यानं आजीबरोबर बसनं यावं की बायकोबरोबर विमानानं, यावर इटारसीला सुरू झालेली भांडणाची तयारी वाराणसीपर्यंत पुरली. हो, इटारसी जबलपूरच्या आधी येतं. तयारी आधीच सुरू होती, व्हिसा फक्त निमित्त झाला.

वाराणसी ते काठमांडू सरकारी बस 2015 मध्ये सुरू झाली होती. आम्ही निघालो तो 2019 चा मे महिना. म्हैसुरात पारा पस्तिशीला गेला की लोक एकमेकांचं सांत्वन करतात. वाराणसीत तो चाळिशी ओलांडून कुणाला काही वाटत नव्हतं. गोरखपूर मागं पडलं आणि सोनौलीच्या आधी कित्येक फर्लांग ट्रकांची रांग लागली. सरहद्द म्हणजे तारा, बुरूज, दुर्बिणी अशी माझी समजूत सिनेमानं करून दिली होती. इथं एक कमान, तिच्याखालून सायकलरिक्षा, शाळेची पोरं, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बायका, दोन बैल. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सतराशे एक्कावन्न किलोमीटरच्या या सरहद्दीवर दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या लग्नाला असं चालत जातात.

बसमध्ये सशस्त्र सीमा दलाचा जवान चढला. माझ्या मतदार ओळखपत्रावरच्या फोटोकडे त्यानं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मी डाव्या हाताची तर्जनी दाखवली. 18 एप्रिलला म्हैसूरनं मतदान केलं होतं, शाई नखाबरोबर अर्धी वर सरकली होती. तो हसला. सासूबाईंनी पॅन कार्ड, रेशन कार्ड, आधार आणि एसटीची ज्येष्ठ नागरिकाची सवलत असे पत्ते पिसून धरले होते. त्या पत्त्यांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मात्र त्यांच्या पिशवीतल्या बरणीवर त्याचं बोट थांबलं.

"ये पीला पाउडर क्या है, माताजी?"

मेतकूट हिंदीत समजावून सांगणं हा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. "चावल के ऊपर डालते है। तूप के साथ। बीमार आदमी को अच्छा होता है," असं त्या सांगत गेल्या, तसतसा ते औषध असल्याचा त्याचा संशय बळावत गेला. शेवटी चिमूटभर त्याच्या तळहातावर पडलं, त्यानं चाखलं आणि शेजारच्या जवानालाही बोलावलं. बरणी निम्मी झाली, पण प्रवेश मिळाला.

खोळंबा झाला तो फाइलवाल्यांचा. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना आधी भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का लागतो आणि तो देणारं कार्यालय रस्त्याकडेच्या दुकानांत असं मिसळून गेलेलं की दोघं दोनदा त्याच्यासमोरून गेले. मग कमानीपलीकडे बेलहियाला नेपाळचा व्हिसा: फॉर्म, फोटो, रोख डॉलर. भाचा इथला जन्मलेला, मराठीत शिव्या देणारा, पण ओसीआय कार्ड नेपाळला ठाऊक नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "पंद्रह मिनट रुकूंगा।" मी घड्याळ पाहिलं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर पंधरा मिनिटं पुढं; ड्रायव्हरनं दिलेली सगळी मुदत नेपाळनं कमानीतच वळती करून घेतली.

तेवढ्यात बायको खाली उतरली. कोऱ्या पासपोर्टला हवा लागावी म्हणून की काय, ती त्या दोघांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. खिडकीतल्या साहेबांनी तो हातात घेतला, उघडला आणि अदबीनं परत केला. "आप इंडियन हैं, आपको नहीं लगता।"

"लगता नहीं, मगर मार दीजिए ना।"

साहेबांना अशी विनंती नवी असावी. व्हिसासाठी लोकांनी रडलेलं त्यांनी पाहिलं असेल, शिक्क्यासाठी कुणी हट्ट धरलेला नसावा. मागून नातसून दोन ताजे शिक्के मिरवत आली. बायको पुढचे काही तास खिडकीबाहेर बघत होती.

भैरहव्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा मी पाचशेची नोट काढली आणि दुकानदारानं ती न शिवता मागं सारली. नेपाळ सरकारनं 2018 च्या डिसेंबरात शंभराच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या. आमच्याच गावच्या छापखान्यातली असेल, असं मी म्हणणार होतो, पण गावाची अब्रू दोनदा जायला नको. शंभराच्या नोटेला एकशे साठ नेपाळी रुपये, हा भाव 1993 पासून ठरलेला. त्यात चहा भरपूर आला. माझ्या बोटाकडे बघून दुकानदार म्हणाला की ही शाई त्यांच्याकडेही लावतात. लावणारच, नेपाळलाही ती म्हैसूरहूनच जाते. पासपोर्ट नको, नोट नको, पण शाई घेतात!

पशुपतिनाथाचं दर्शन झालं. सासूबाईंचं समाधान झालं. भाचा शेवटी विमानानं गेला, यापलीकडे त्या विषयावर मी बोलणार नाही. परतताना सोनौलीला आम्हाला कुणीही काहीही विचारलं नाही.

पुढं भाच्यानं आम्हाला अमेरिकेला बोलावलं. व्हिसाचा फॉर्म बायको संगणकावर भरत होती आणि गेल्या पाच वर्षांत कुठल्या देशांना भेट दिली, या रकान्याशी ती थबकली. "घाल की नेपाळ," मी म्हणालो, "मेपासून अजून पाच वर्षं कुठं झालीत?" तिनं अभिमानानं एकेक अक्षर दाबून नेपाळ लिहिलं.

"आणि पुरावा मागितला तर?" पलंगावरून, जपाची माळ न थांबवता, सासूबाईंनी विचारलं.