मी, सत्पाल

गेली अठरा वर्षं मी सत्पाल आहे. वजन 58 किलो, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि आजवर मारलेल्या जोर-बैठका शाळेतल्या शिक्षा धरूनही दीडशेच्या पुढं जायच्या नाहीत. पण आप्पांनी मनगट धरलं की आपलं काही चालत नाही. "तू सत्पाल हो," ते म्हणतात, "मी मामा."

आप्पा तुम्हाला ठाऊक आहेत. लातूरला गंजगोलाईत चहाच्या टपरीवर, नांदेडला वजिराबादेत पानाच्या ठेल्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेत फडाच्या अगदी कडेला तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. लांबून हलगी ऐकू आली तरी ज्यांचा हात आपोआप मांडीवर पडतो, ते आप्पा. आमचे आप्पा अडतीवर मुनीम आहेत. तुरीचा भाव विचारला तर वही उघडतात, पण महाराष्ट्र केसरीची गदा कोणत्या साली कोणाच्या खांद्यावर गेली हे विचारलं तर वही लागत नाही. लागत नाही म्हणून थांबतही नाहीत, हीच अडचण.

मामा म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. 1969 चं महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातूरलाच भरलं आणि गदा लातूरच्याच पोरानं घेतली. पुढच्याच वर्षी एडिंबरोला राष्ट्रकुलचं सुवर्ण. हे सगळं आप्पा एका दमात उरकतात, कारण त्यांना गाठायचं असतं 1977 चं बेळगाव. त्या मैदानात मामांनी दिल्लीच्या सत्पालला पाडलं. आणि बेळगाव आलं की आप्पांना समोर एक माणूस लागतो.

मी पहिल्यांदा पडलो तो बँकेत. नांदेडहून बदली होऊन आलो होतो, आठवडाही झाला नव्हता. आप्पा अडतीचा भरणा करायला आले, मी सहज आडनाव विचारलं, त्यावरून गाव निघालं, गावावरून कुस्ती. दुसऱ्या मिनिटाला काउंटरवरून हात आत आला, माझी मान काखेत गेली आणि कपाळ शिक्क्याच्या पॅडवर टेकलं. "ही ढाक," आप्पा म्हणाले. "इथंच सत्पाल संपला." मागच्या रांगेतल्या बायका हसत होत्या. दिवसभर माझ्या कपाळावर जांभळा डाग होता.

त्यानंतर अहमदपूरला एका लग्नात पडलो. अक्षता हातात होत्या, त्या माझ्याच डोक्यावर पडल्या. त्या खेपेला घिस्सा होता. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा आप्पा शहाळं घेऊन बघायला आले, आणि सलाईन नसलेल्या हाताला धरून त्यांनी मला मोळी समजावली. मी कण्हत म्हणालो, "आप्पा, मागं तर ढाक होती."

"ती तुला सोपी जावी म्हणून सांगितली. खरी मोळी."

एसटीत तो डाव एकलंगी झाला. कंडक्टरनं दोघांनाही खाली उतरवायची धमकी दिली.

वादात तर आप्पांना कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही, कारण ते वाद संपूच देत नाहीत. माळेगावच्या जत्रेत एकदा नांदेडचे एक पाव्हणे त्यांना पुरून उरायला बघत होते. पाव्हण्यांचा जीव मारुती मान्यांवर. 1962 ला जाकार्त्याला आशियाई सुवर्ण, त्यापुढं तुमचं बेळगाव काय, असा त्यांचा सवाल. आप्पा म्हणाले, "जाकार्ता मॅटवर. मातीचं बोला." पाव्हण्यांनी दुसरं पान टाकलं: ज्याला पाडलं म्हणता त्या सत्पालनं 1982 ला दिल्लीत शंभर किलोंच्या गटात आशियाई सुवर्ण घेतलं.

"घेणारच की. मामांनी पाडल्यावर सुधारला."

दादू चौगुल्यांनी 1970 आणि 71 अशी लागोपाठ दोनदा गदा नेली, असं कोणीतरी मागून म्हणालं. आप्पांनी तिकडं पाहिलंही नाही. "1969 ला कुणी नेली, ते आधी बोल."

शेवटी पाव्हणे चिडून म्हणाले, जाऊ द्या तुमची माती, साऱ्या जगात मोठा हेवीवेट एकच, मोहम्मद अली.

"त्यानं कुस्ती केली का कधी?"

"केली की. 1976 ला टोकियोत, जपानच्या इनोकीबरोबर. पंधरा फेऱ्या. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून लाथा मारत होता. बरोबरीत सुटली."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पाठीवर? पंधरा फेऱ्या? अन् पंच काय गोट्या खेळत होता? पाठ टेकली की कुस्ती संपली! अन् पडलेल्या माणसाला ज्याला पंधरा फेऱ्यांत चितपट करता आलं नाही, त्यो जगात मोठा?" मग ते माझ्याकडं वळले. मी चष्मा काढून खिशात ठेवला. भोवती माणसं जमली, एकानं मला उठवताना दहाची नोट दिली.

आप्पा ज्या तालमीत उभे राहायचे तिथं आता अभ्यासिका आहे. हौद्यातली लाल माती कोणीतरी बागेला नेली, वर फरशी बसली आणि फरशीवर चाळीस खुर्च्या. नीटची पोरं रात्री एकपर्यंत माना खाली घालून बसलेली असतात. आप्पा दारातून आत बघतात आणि म्हणतात, "समदे डॉक्टर होणार. मोडलेले खांदे बसवणार. पण लेकांनो, खांदे मोडणार कोण?" 2018 ला गोल्ड कोस्टला राहुल आवारेनं राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं, तेव्हा आप्पांनी माझ्याच मोबाइलवर ते पाहिलं. पोरगा बीडचा, पण घडला मामांच्या हाताखाली. मामा 2011 लाच गेले होते. आप्पा डोळे पुसतील असं वाटलं. ते म्हणाले, "57 किलोंचा गट. तुझ्याहून एक किलो कमीच. बघ काय केलं त्यानं. अन् तू?"

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती मला फार उशिरा कळली आणि कळली नसती तर बरं झालं असतं. बेळगावची कुस्ती आप्पा डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगतात. ट्रक, धूळ, गर्दी, टोप्या उडाल्या, सगळं. मी कधी हिशेब केला नव्हता. आप्पांचा जन्म 1972 चा.

दिवाळीला त्यांच्या घरी गेलो होतो. आप्पांनी सवयीनं माझं मनगट धरलं. तेवढ्यात ओसरीवर लसूण सोलत बसलेली त्यांची आई म्हणाली, "सोड रं त्याला. हा कशाला गेलाय बेळगावला? ह्याचा बाप गेल्ता. आला तसा पिशवी पण खाली ठेवली न्हाई, अंगणात ह्यालाच धरलं. तू सत्पाल हो म्हणला. पाच वर्साचं लेकरू. रोज सांजच्याला ह्याला पाडायचा. अन् डाव तरी एक आसावा का? रोज येगळा. माणसांच्या डोस्क्याआडून काय दिसलं आसंल त्याला, देव जाणे." मग सालपटं गोळा करत म्हणाली, "दोन वर्सं पाडलं. मग त्योच गेला."

आप्पांनी मनगट सोडलं. चिवड्याची बशी उगीच पुढं सरकवली. तुरीच्या भावावर थोडं बोललो. निघताना मी चपला घालत होतो, तर मागून हळू आवाज आला.

"ढाकच आसंल, नव्हं?"

"ढाकच," मी म्हणालो.

तेव्हा लातूर-नांदेड गाडीत शेजारी कोणी बसून आधी गाव विचारेल, मग कुस्ती काढेल आणि हळूच तुमच्या मनगटाकडं बघेल, तर चष्मा काढून ठेवा. अंग ताठ करू नका, सरळ पडा. फक्त डाव कोणता होता ते विचारू नका.