फुगलेला आकडा

लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये ऑड्स रेशो दोन आला की संशोधक खूश होतो, चार आला की सगळ्यांना चहा पाजतो. पण रकान्यात मावणार नाही एवढा आकडा आला, की पीएचडीचा विद्यार्थी आधी हवेत तरंगतो आणि मग शेजारची पी-व्हॅल्यू बघतो: ०.९९ च्या पुढे! परिणाम डोंगराएवढा, पुराव्याच्या नावाने ठणठणाट.

“मॅडम, सॉफ्टवेअर बिघडलंय.”

“बिघडलं नाही रे, तू त्याला फारच सोपा पेपर दिलायस.”

पेपर होता आयरिस फुलांचा. एडगर अँडरसनने जमवलेली ही मापं रोनाल्ड फिशरने १९३६ मध्ये छापली. प्रत्येक जातीची ५० फुलं. सेटोसाची पाकळी फार तर १.९ सेंटिमीटर लांब, व्हर्सिकलरची कमीत कमी ३. मधे शुकशुकाट. तिथे कुठेही रेघ मारा, एकही फूल चुकत नाही. मग गुणक जितका वाढवावा तितकं मॉडेल आणखी चपखल बसतं, आणि तो चढतच जातो. नुसता १० झाला तरी ऑड्स रेशो २२,०२६! खरं उत्तर अनंत. ‘आर’ हे सॉफ्टवेअर मात्र फार तर २५ फेऱ्या मारतं आणि जिथे थांबतं तिथला आकडा छापून मोकळं होतं. याचं नाव कम्प्लीट सेपरेशन.

“मग हा व्हेरिएबलच उडवतो,” विद्यार्थी म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मॅडमनी आधी क्रॉसटॅब काढायला लावला. एखाद्या चौकटीत शून्य बसलेलं असतं, तोच खोडसाळ. त्यावर डेव्हिड फर्थची १९९३ सालची पद्धत आहे. ती लाइकलिहूडला थोडा दंड लावून आकडा जमिनीवर आणते. शून्य नसेल तर एकक बघायचं. उत्पन्नाच्या एका रुपयामागे १.००००१ असलेला रेशो लाखामागे २.७२ होतो. माणसं तीच, पगारही तोच.

कधीकधी आकडा मोठा असतो आणि खराही. टायटॅनिकवरच्या ४७० स्त्रियांपैकी ३४४ वाचल्या, १,७३१ पुरुषांपैकी ३६७. ऑड्स रेशो १०.१, पण टक्केवारी ७३ आणि २१, म्हणजे जेमतेम साडेतीन पट. विद्यार्थ्याने प्रबंधात बिनधास्त ठोकून दिलं, ‘स्त्रिया वाचण्याचं प्रमाण दहापट होतं.’

मॅडमनी समासात लाल शाईने विचारलं, ‘२१ ची दहापट २१०. शंभरातल्या दोनशे दहा बायका वाचल्या का रे?’