चांदवडातला समुद्र : मांडताना आणि हलवताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासा अपघात करत नाही. करतो तो माणूस, आणि बहुतेक वेळा टाकी मांडताना किंवा एका घरातून दुसऱ्या घरात नेताना. मधल्या काळात टाकी ठीक चालते, कारण त्या काळात तिला फारसा कोणी हात लावत नाही.

चांदवडात अशी टाकी ठेवणे हे धाडसच. गावाला होळकरांचा रंगमहाल आहे, रेणुकामाता आहे, किल्ला आहे, एकेकाळी टांकसाळही होती. समुद्र तेवढा नाही. तो सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, कसारा घाट उतरून गेल्यावर लागतो. मुंबईत मरीन ड्राइव्हला १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. चांदवडकराला तो पिंपात कालवावा लागतो, आणि तोही अशा तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे टँकर फिरतात. टँकरखाली हंडे लागलेले असताना कोणी दोनशे लिटर चांगल्या पाण्यात मुद्दाम मीठ घालतो आहे, ही बातमी गल्लीत फार काळ लपत नाही.

पहिली फसगत वजनाची. दुकानातली रिकामी टाकी दोघे जण हसत उचलतात आणि घरी टीव्हीच्या टेबलावर ठेवतात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ १९० लिटर पाणी मावते. काच, खडक आणि वाळू धरून हिशेब पावणेतीनशे किलोच्या घरात जातो, म्हणजे पन्नास किलोच्या साडेपाच कांदा गोण्या. चांदवडच्या माणसाला गोण्यांचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तो टेबलाला समजत नाही, एवढीच अडचण. जुन्या वाड्याच्या माडीवर, लाकडी तुळयांच्या भरवशावर तर हा भार चढवूच नये. स्टँड लोखंडी असावा, तो पाणसळीला लावलेला असावा आणि टाकीखाली थर्माकोलचा तक्ता असावा, म्हणजे फरशीचा बारीक उंचसखलपणा काचेला टोचत नाही. पाणसळ न लावलेली टाकी भरली की चूक आपोआप दिसते : एका कोपऱ्यात पाणी काठाला भिडते आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोटभर खाली राहते. मग घरातले कोणीतरी भरलेल्या टाकीखाली पुठ्ठ्याची घडी सारायला निघते. त्याला वेळीच आवरावे.

नवी टाकी आधी अंगणात भरून चोवीस तास ठेवायची असते. गळायची असेल तर तिथे गळू द्यावी, तुळशीला पाणी होते. (गोड्या पाण्याने भरावी, नाहीतर तुळसही जाते.) सांधा भरायचा झाल्यास न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नये, त्यातले औषध मासे मारते. हे सगळे सांभाळूनही ज्यांची टाकी फुटते त्यांच्यासाठी बर्लिनचे उदाहरण आहे. तिथल्या एका हॉटेलच्या दिवाणखान्यातली प्रचंड दंडगोल टाकी १६ डिसेंबर २०२२ रोजी उजाडायच्या आत फुटली. दहा लाख लिटर पाणी आणि सुमारे दीड हजार मासे बाहेर आले. चांदवडात एवढे नुकसान करायचे म्हटले तरी पाणी मिळणार नाही.

यानंतर मीठ. स्वयंपाकघरातली ‘चवीपुरते’ ही मोजणी इथे चालत नाही. समुद्राची खारटी लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे वरच्या टाकीला साडेसहा किलोंहून थोडे अधिक. आणि हे मीठ किराणा दुकानातले नव्हे. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असा बराच संसार असतो. किराणा मीठ म्हणजे त्यातला एकच कर्ता पुरुष. फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने १८५४ साली कृत्रिम समुद्राची कृती प्रसिद्ध केली तीतही चार वेगवेगळे क्षार होते. आता तयार मिश्रण मिळते. ते वेगळ्या पिंपात, पंप फिरता ठेवून, पाण्यात मीठ या क्रमाने विरघळवावे आणि एक दिवस मुरू द्यावे. मिठावर पाणी ओतले की काही क्षार पांढरे होऊन तळाला बसतात. मासे असलेल्या टाकीत थेट मीठ टाकणाऱ्याविषयी न बोललेले बरे. पिंपाला बोअरचे पाणीही चालत नाही, काळ्या पाषाणातून आलेले ते पाणी जड असते. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. म्हणजे आधी आरओ यंत्र आले, आणि त्यातून शुद्ध पाण्याबरोबर निघणारे टाकाऊ पाणी वाया जाताना आजीच्या नजरेस पडणार नाही याची व्यवस्थाही आली.

खारटी मोजायचे काट्याचे साधन स्वस्त असते आणि थोडे खोटे बोलते. काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की तो वर तरंगतो आणि पाणी आहे त्याहून खारट दाखवतो. मग त्यात गोडे पाणी ओतले जाते, बुडबुडा निघतो, मग मीठ टाकले जाते. असा दुपारभर कारभार चालल्यावर खारटी जिथे होती तिथेच येते आणि फरशी मात्र पांढरी होते.

उडते ते पाणी, मीठ मागे राहते. चांदवडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे फार वेगाने घडते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. ‘खाऱ्या टाकीत खारेच पाणी’ या सरळ तर्काने चालणारा माणूस महिनाभरात मृत समुद्र तयार करतो. याहून घातक म्हणजे देवघराशेजारचा तांब्याचा हंडा. रात्रभर तांब्यात ठेवलेले पाणी माणसाला चांगले असा घरोघरचा विश्वास असतो, आणि कोणीतरी मायेने तेच टाकीत ओतते. मासे कदाचित तग धरतील, पण कोळंबी आणि गोगलगाई यांना तांब्याचा अंशही विष आहे. डास मारायच्या फवाऱ्याचेही तेच. हवेचा पंप खोलीतली हवा ओढतो आणि फवारा थेट पाण्यात पोचवतो. कपड्यांच्या साबणाची बादली, हाताला लागलेले क्रीम, पाहुण्यांच्या मुलाने प्रेमाने टाकलेले चुरमुरे ही यादी घरागणिक वाढते.

नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढण्याची पद्धत जुनी आहे. घसा बसल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करतात हे खरे, पण त्या पाण्यात मासे राहत नसतात. हीटरचा अपघात हिवाळ्यात होतो. शेजारच्या निफाडचा पारा वर्तमानपत्रात झळकू लागला की चांदवडकर हीटर लावतो, आणि पाणी बदलताना तो बंद करायला विसरतो. पातळी उतरते, तापलेली काचनळी उघडी पडते, पुन्हा थंड पाणी लागताच तडकते. मग त्याच पाण्यात हात घालायला सगळे घाबरतात, आणि ते योग्यच आहे. विजेच्या वायरी प्लगकडे जाण्याआधी खाली झोका घेतील अशा सोडाव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता जमिनीवर ठिबकते.

टाकीखालच्या गाळण टाकीला सगळे ‘संप’ म्हणतात. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे पाणी नळीवाटे उलटे खाली यायला लागते. वरच्या मापाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. परतीच्या नळीचे तोंड चार इंच खोल सोडलेले असेल तर चाळीसहून जास्त लिटर संपात उतरतात, आणि संपात तेवढी जागा नसेल तर दिवाणखान्यात. नळीला पाण्याच्या पातळीजवळ एक बारीक भोक पाडले की त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. या भोकाची किंमत शून्य असल्यामुळे ते बहुधा पहिल्या पुरानंतरच पाडले जाते. वीज बराच वेळ गेली तर प्रश्न पुराचा राहत नाही, श्वासाचा होतो. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा कमी विरघळतो, तापलेल्या पाण्यात आणखी कमी. लंडनमध्ये १८४० च्या दशकात ॲना थिन या बाईंनी घरात समुद्री जीव पाळले तेव्हा पंप नव्हता. त्यांची मोलकरीण रोज खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. ज्याच्याकडे बॅटरीवरचा हवापंप नसतो तो चांदवडकर मध्यरात्री हेच काम तांब्या घेऊन करतो. कौतुक मात्र थिनबाईंचे झाले.

टाकी मांडल्यावर मासे लगेच आणण्याची घाई हाही हाताळणीचाच दोष. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकीत दगड, वाळू आणि पाणी एवढेच असते, आणि येणारा प्रत्येक जण “मासे कुठंयत?” असे विचारतो. या प्रश्नाला कंटाळून आणलेले मासे सहसा आठवडाभर दिसतात. सजावटीसाठी खरे प्रवाळ आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेत, समुद्रघोडेही. सिरॅमिकचे दगड निर्जीव दिसतात खरे, पण त्यांच्यासाठी वनखाते दारात येत नाही. क्लाउनफिश मात्र आता प्रयोगशाळेत पैदास केलेले मिळू शकतात. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने शोभिवंत सागरी माशांची हॅचरी काढली आहे.

दूरवरून पिशवीत आलेला मासा तासन्‌तास थेंबाथेंबाने सरावू द्यावा असा सल्ला मिळतो. प्रवास लांबचा असेल तर तो उलटतो. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्ल होते आणि त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, आम्लता घटते आणि दबलेले विष जागे होते. अशा वेळी पिशवीतल्या पाण्याइतकी खारटी आधीच जुळवून ठेवलेल्या पाण्यात मासा लवकर सोडणे शहाणपणाचे. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

आता घर बदलणे. हा विषयातला सर्वांत समृद्ध भाग आहे, कारण त्यात शेजारी येतात. टाकी पूर्ण रिकामी करूनच उचलावी हा नियम सर्वांना माहीत असतो, आणि “दोन इंच राहू दे की भाऊ, काय होतंय” असे म्हणणारा एक जण नेहमी हजर असतो. दोन इंच म्हणजे एकवीस किलो पाणी, शिवाय ओली वाळू. आणि ते पाणी उचलताना एका टोकाकडे धावते तेव्हा सारा ताण सांध्यांवर येतो. चौघे “एक, दोन, तीन” म्हणतात. दोघे ‘दोन’वर उचलतात, दोघे ‘तीन’नंतर.

क्रम असा ठेवावा : जुने पाणी जितके नेता येईल तितके झाकणाच्या पिंपांत भरावे, मग दगड काढावेत, मासे सर्वांत शेवटी. दगड आत असताना मासा पकडू पाहणाऱ्याला दगड, मासा आणि स्वतःचा संयम तिन्ही गमवावे लागतात. जाळीत सर्जनफिश अडकतो, त्याच्या शेपटीच्या बुडाशी धारदार पाते असते. जाळीपेक्षा पारदर्शक डबा बरा. खडक ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळावेत. जुनी वाळू धुऊन किंवा बदलून टाकावी. तळाशी साठलेली घाण आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू ढवळून वर आला तर नव्या घरातली पहिली रात्र माशांची शेवटची ठरते.

पाणी नेण्यासाठी वीस लिटरचे जार सोयीचे पडतात, कारण ते घरोघरी असतात. त्यातच धोका आहे. वास्तुशांतीच्या दिवशी प्यायचे जार आणि समुद्राचे जार एकाच ओट्यापाशी उतरवले जातात, आणि पहिला चहा कोणत्या जारातला हे आचाऱ्याला कोणी सांगत नाही. चिठ्ठी चिकटवावी, आणि जाड अक्षरांत.

मालेगावकडे जायचे असेल तर राहूड घाटात पिकअप हळू चालवायला सांगावे; मनमाडला किंवा नाशिकला जातानाही माशांचा डबा पुढे, मांडीवर असावा, हौदात उन्हात नको. आणि उन्हाळ कांदा बाजार समितीत येऊ लागला की चांदवडात पिकअप मिळत नाही, मिळालाच तर त्याला कांद्याचा वास असतो. तेव्हा ज्याला टाकी हलवायची आहे त्याने गाडी आधी ठरवावी, मुहूर्त नंतर काढावा.