पारदर्शक धंदा

बाणेरच्या एखाद्या पंधराव्या मजल्यावर, संध्याकाळी, चहाचा कप घेऊन हा माणूस बाल्कनीत उभा असतो आणि समोरच्या टॉवरांकडे टक लावून बघतो. बायकोला वाटतं, पाठदुखी वाढली असावी. तो खिडक्या मोजत असतो. एका फ्लॅटला सात, मजल्याला चार फ्लॅट, मजले बावीस, टॉवर सहा. पुसायचे खिडकीमागे दीडशे रुपये धरले तरी साडेपाच लाख! तेही एकाच सोसायटीचे. पुढे बालेवाडी आहे, वाकड आहे, हिंजवडी तर अख्खीच काचेची आहे. वीस वर्षं आयटीत काढलेल्या माणसाचा गुणाकारावर फार विश्वास असतो. महिन्याभरात राजीनामा.

बादली आणण्याआधी लोगो येतो. मग टी-शर्ट, मग 'संस्थापक व सीईओ' छापलेली कार्डं. उद्यम नोंदणी फुकट असते, त्यामुळे ती त्याच रात्री उरकते. सीए सांगतो, सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असली की जीएसटी नोंदणीची सहसा गरज नसते. हा दुखावतो. "म्हणजे मी वीस लाखसुद्धा करणार नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" जीएसटीच्या यादीत खिडक्या पुसण्याला 998532 असा स्वतंत्र कोड आहे हे कळल्यापासून तर सरकार आपलीच वाट बघत होतं, अशी त्याची समजूत झालेली असते. तो कोड तो लग्नाकार्यात सांगतो.

याच काळात त्याच्यासमोर बसायची सोय नसते. काचेवरून पाणी ओढायच्या त्या रबरी पट्टीला आपण वायपर म्हणतो. हा 'स्क्वीजी' म्हणतो आणि 1936 साली अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये एत्तोरे स्तेक्कोने नावाच्या इटालियन माणसाने ती कशी घडवली, इथून सुरुवात करतो. बुर्ज खलिफाच्या चोवीस हजारांवर खिडक्या पुसायला तीन-चार महिने लागतात, हेही ऐकावं लागतं. कोपऱ्यातून एखादी आत्या म्हणते, "अरे, पण जुना पेपर आणि पाणी घेतलं की होते की काच." हा हसतो. ते हसू पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत टिकतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दिवाळीच्या आधीचा रविवार. स्लायडिंगची खिडकी, बाहेरून ग्रिल, मध्ये मच्छरदाणीची जाळी, आणि स्क्रू बिल्डरच्या काळापासून गंजलेले. खिडकीला लागून दिवाण, दिवाणावर गाद्यांचा ढीग, ढिगावर आजी. आजींना हलवण्यात अर्धा तास जातो, कारण त्यांची मालिका चालू असते. अॅल्युमिनियमच्या खाचेत साचलेला चिखल, मेलेली पाल आणि कबुतरांची घाण कोणत्या दरात बसते, हे कार्डावर छापलेलं नसतं. "खिडकीतच येतं ना ते?" या प्रश्नाला आजवर कोणालाही उत्तर सापडलेलं नाही.

मग उन्हाचं. काचेवर थेट ऊन असलं की साबणाचं पाणी ओढायच्या आत वाळतं आणि पट्टे उमटतात. म्हणून सकाळी पश्चिमेच्या खोल्या, दुपारनंतर पूर्वेच्या. घरातली माणसं मात्र नेमकी उलट झोपलेली असतात. पाणी बोअरचं किंवा टँकरचं, त्यात क्षार. पुसलेली काच वाळल्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरून येते. हा खिशातून टीडीएस मीटर काढून आकडा दाखवतो. मॅडम आकड्याकडे बघत नाहीत, ठिपक्याकडे बघतात.

"दादा, इथे डाग राहिलाय."

वीस वर्षं सगळे 'सर' म्हणायचे. 'दादा' पचवायला त्याला एक हंगाम लागतो, आणि तोवर तो 'अहो काचवाले' झालेला असतो.

खरी गोम अशी की, नीट पुसलेली काच दिसतच नाही. दिसतो तो राहिलेला डाग. सुतार टेबलावर थाप मारून दाखवू शकतो, आचारी जिलबी चाखायला देतो. याने काय दाखवायचं? जे नाही ते? त्यामुळे पैसे देताना प्रत्येक घरी एकच वाक्य येतं: "आमच्या मावशी तर दिवाळीला अख्ख्या घराच्या करतात, एका साडीत."

एका बाबतीत मात्र मी या माणसाला मानतो. त्याच्याकडे दोन पोरं असतात. अकराव्या मजल्याच्या बाहेरच्या कठड्यावर पाय ठेवू देत नाही तो त्यांना. हार्नेस आणतो, गाठ स्वतः ओढून बघतो, नाहीतर सरळ काम सोडतो. "मागच्या वर्षीचा मुलगा नुसताच उभा राहायचा हो," असं सोफ्यावर बसून ऐकवणाऱ्यांची कामं त्याने सोडलेली आहेत. ते नुकसान एक्सेलमध्ये 'इतर' या रकान्यात जातं. त्या दोघांपैकी एक पोरगा पुढे गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन स्वतःचाच धंदा काढतो आणि खिडकीमागे शंभर रुपये घेतो, ते वेगळं. ते कुठल्या रकान्यात घालायचं, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळी सरली की फोन थांबतो. उन्हाळ्यात पाणीकपात आणि पावसाळ्यात निसर्गच फुकट धुतो, असं सोसायटीचं मत. त्याच सोसायटीने लॉबीच्या काचांचा चेक अजून दिलेला नसतो. सही दोघांची लागते, आणि खजिनदार मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलेले असतात.

इतकं सगळं होऊन हा माणूस परत नोकरीवर गेला असेल, असं तुम्हाला वाटेल. परवा लिफ्टमध्ये भेटला. हातात लांब दांड्याचा ब्रश होता, डोळ्यांत तीच बाल्कनीतली चमक.

"सोलर!" तो म्हणाला. "सूर्यघर योजनेपासून गच्च्या भरल्यात बघा पॅनलांनी. धूळ बसली की वीज कमी, म्हणजे धुवायला तर लागणारच. ग्रिल नाही, जाळी नाही, दिवाण नाही. आणि मुख्य म्हणजे, पॅनलच्या मागे कोणी राहत नाही."